रात्रीची नजर : काशीद-मुरूड किनाऱ्यावरील काळोखाचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद हे गाव आज तेथील सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या पुळणीसाठी आणि तिच्या कडेने वाढलेल्या सुरूच्या बनासाठी ओळखले जाते. परंतु कोकणच्या लिखित इतिहासात या गावाला फारशी जागा मिळालेली नाही, कारण तेथे ना किल्ला होता, ना वादळात गलबतांना आसरा देणारी खाडी. उत्तरेला कुंडलिका नदीच्या मुखाशी चौल-रेवदंडा आणि समोर कोर्लईचा किल्ला, दक्षिणेला राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी सिद्दींचा जंजिरा, अशा दोन नामांकित ठिकाणांच्या मधला हा मोकळा किनारा आहे. बखरी, पोर्तुगीज कागदपत्रे आणि इंग्रजांचे पत्रव्यवहार या दोन टोकांविषयी भरभरून बोलतात. मधल्या पट्ट्याविषयी ते जवळजवळ गप्प आहेत. तथापि चौलहून राजपुरीकडे जाणाऱ्या प्रत्येक मचव्याला आणि गलबताला हा पट्टा ओलांडावाच लागे, आणि वारे व भरती-ओहोटी यांच्या सोयीने निघालेल्या जहाजाला तो पुष्कळदा रात्री ओलांडावा लागे. दिव्यांच्या आधीच्या काळात असा प्रवास करणारा तांडेल आपल्या डोळ्यातील ज्या यंत्रणेवर विसंबून होता, ती यंत्रणा आजच्या शहरी माणसाच्या डोळ्यातही शाबूत आहे, परंतु तिला काम करण्याची संधी क्वचितच मिळते. या दृष्टीने पाहिले असता काशीदच्या किनाऱ्यावरील रात्रीचा इतिहास हा डोळ्याच्या एका कार्यपद्धतीकडून दुसरीकडे झालेल्या स्थलांतराचा इतिहास ठरतो.

हे स्थलांतर समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. वस्तूवरून निघालेला प्रकाश प्रथम पारपटलातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक घुमटातून, आत शिरतो, आणि प्रकाशकिरण वळवण्याचे निम्म्याहून अधिक काम येथेच उरकते. त्यामागच्या भिंगाकडे मुख्यतः जवळच्या व दूरच्या वस्तूंनुसार नेमकेपणा साधण्याचे काम असते. पारपटल आणि भिंग यांच्यामध्ये बुबुळ असते आणि त्याच्या मध्यभागी बाहुली हे छिद्र असते, जे प्रखर उन्हात सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत आक्रसते आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. शेवटी डोळ्याच्या मागच्या भिंतीवरील दृष्टिपटलावर वस्तूची उलटी प्रतिमा पडते आणि तेथील पेशी प्रकाशाचे रूपांतर मज्जातंतूंतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांत करतात. मेंदू या संदेशांमधून कडा, हालचाल, अंतर आणि रंग यांची जुळणी करतो, त्यामुळे प्रतिमा उलटी पडूनही जग सुलटे दिसते.

या पेशी दोन प्रकारच्या असतात आणि पुढील सर्व विवेचन याच भेदावर उभे आहे. शंक्वाकार पेशी सुमारे साठ लाख असतात. त्या दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूपाशी दाटीने वसलेल्या असतात, रंग ओळखतात, बारीक तपशील टिपतात, परंतु त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी सुमारे बारा कोटी असतात; त्यांना रंग कळत नाही, त्यांच्यातील पुष्कळ पेशींचे संदेश एकाच वाहिनीत मिसळत असल्याने त्यांनी दाखवलेले चित्र ढोबळ असते, पण अत्यल्प प्रकाशात तेच चित्र उपलब्ध असते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेख्त, श्लेर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील दंडाकार पेशींनी पाच ते चौदा प्रकाशकण शोषले, तरी माणसाला चमक दिसल्याची जाणीव होते. निसर्गाने ही संवेदनशीलता मात्र दोन अटींवर दिलेली आहे. पहिली अट वेळेची आहे : उजेडातून अंधारात आल्यावर शंक्वाकार पेशी आठ-दहा मिनिटांत आपली मर्यादा गाठतात, पण दंडाकार पेशींना पूर्ण क्षमतेवर येण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि एखादी मशाल डोळ्यांसमोर आली की ही कमाई काही क्षणांत वाया जाते. दुसरी अट दिशेची आहे : दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडाकार पेशी नसतातच, त्यांची सर्वाधिक दाटी मध्यापासून वीसेक अंशांवर असते, त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहिले तर ती नाहीशी होते आणि नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा दिसू लागते.

हे ज्ञान शास्त्राच्या रूपात येण्यास फार काळ लागला. भारतीय परंपरेत न्यायदर्शनाची भूमिका अशी होती की चक्षुरिंद्रिय तेजाचे बनलेले असून त्यातून किरण बाहेर पडतात, ते वस्तूपर्यंत पोहोचतात आणि त्यानंतर वस्तू दिसते. या मताच्या समर्थनार्थ न्यायसूत्रांनी रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांचा दाखला दिला. काशीदच्या पाठीशी असलेल्या फणसाडच्या जंगलात, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते आणि १९८६ मध्ये अभयारण्य झाले, बिबट्याचे डोळे टेंभ्याच्या उजेडात पेटलेले पाहणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद मुळीच हास्यास्पद वाटला नसता. प्रत्यक्षात मांजरकुळातील प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे परावर्तन करणारा एक थर असतो. पेशींच्या हातून निसटलेला प्रकाश तो पुन्हा त्यांच्याकडे परतवतो, आणि बाहेरून टाकलेला उजेड त्याच वाटेने पाहणाऱ्याकडे परत येतो. डोळ्यातून किरण निघतात हे निरीक्षण या अर्थाने चुकीचे नव्हते. चूक होती ती तो प्रकाश कोणाचा याच्या निदानात. बौद्ध तार्किकांनी मात्र डोळा वस्तूला न भिडताच तिचे ग्रहण करतो असे मानून न्यायमताला विरोध केला होता.

प्रकाशाची दिशा निर्णायकपणे उलटवली ती अरबी विद्वान इब्न अल-हैथम याने, अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात. त्याच्या आधी शंभरेक वर्षे, ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला, म्हणजे त्याच्या लेखी सैमूरला, येऊन गेला होता आणि तेथे वसलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरील बंदरे त्या काळी एकाच व्यापारी जगाचा भाग होती; तरीही बसऱ्याच्या या पंडिताचा ग्रंथ चौलच्या नाखव्यांच्या कानांवर गेला असेल असे समजण्यास आधार नाही, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे योहानेस केप्लरने १६०४ मध्ये मांडले, आणि रात्रीच्या व दिवसाच्या दृष्टीसाठी दोन वेगळ्या पेशी असतात हे माक्स शुल्ट्झेने १८६६ मध्ये, म्हणजे याच किनाऱ्याजवळील खांदेरी बेटावरचे दीपगृह उजळण्याच्या अवघे एक वर्ष आधी दाखवले. हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ज्या सुमारास अंधारातील दृष्टीचे शरीरशास्त्र युरोपात उलगडले, त्याच सुमारास या किनाऱ्यावर तिची गरज कमी होऊ लागली.

दीपगृहांपूर्वी रात्री किनारा ओळखण्याचे साधन म्हणजे डोंगरांची आकृती. चांदणे नसले तरी आकाश पूर्ण काळे नसते, आणि त्या फिकट पार्श्वभूमीवर कोर्लईचे लांबट टेकाड, काशीद-नांदगावच्या मागची डोंगररांग आणि राजपुरीच्या बाजूचे उंचवटे काळ्या रेघेसारखे उमटतात. हे वाचन पूर्णतः दंडाकार पेशींचे असते. त्यात रंग नसतो, झाड किंवा घर वेगळे दिसत नाही, फक्त गडद आणि किंचित कमी गडद यांची सीमारेषा दिसते, आणि ती ओळखण्यासाठी तांडेलाला दिवसा पाहिलेल्या रेषेची आठवण तिच्याशी जुळवावी लागते. ज्या खलाशाला सुकाणूवर बसायचे असे, त्याने पेटत्या चुलीकडे किंवा दिव्याकडे पाहू नये हा शहाणपणा जगभरच्या दर्यावर्दी जमातींमध्ये आढळतो, आणि त्याची शास्त्रीय कारणमीमांसा दंडाकार पेशींच्या हळूहळू पूर्वपदावर येण्यात आहे.

खोल समुद्रात डोंगर दिसेनासे झाले की तारे उरत. अरबी समुद्रावरील जहाजांवर ‘कमाल’ नावाचे एक साधे उपकरण वापरले जाई : लाकडाची आयताकृती फळी आणि तिच्या मधोमध बांधलेली गाठी मारलेली दोरी. दोरीची ठरावीक गाठ दातांत धरून फळी पुढे ताणायची, तिची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवाला टेकवायची, आणि कोणत्या गाठीवर हे साधते त्यावरून आपण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत हे ठरवायचे. काशीदच्या अक्षांशावर ध्रुवाची उंची सुमारे साडेअठरा अंश भरते. वाचताना ही कृती सोपी वाटते, परंतु तिच्यात डोळ्याची खरी कसोटी असते, कारण तारा हा बिंदू असून क्षितिज ही अस्पष्ट रेघ असते, आणि रात्र जसजशी गडद होते तसतसा तारा ठळक होत जातो पण क्षितिज विरत जाते. दोन्ही एकाच वेळी नीट दिसतील असा काळ संधिप्रकाशातील थोडक्या मिनिटांचा असतो, जेव्हा शंक्वाकार पेशींचे राज्य संपत आलेले असते आणि दंडाकार पेशींचे नुकते सुरू होत असते. चंद्रप्रकाश हा कालावधी वाढवतो. पण पौर्णिमेचे चांदणेही भर उन्हाच्या तुलनेत सुमारे चार लाख पटींनी मंद असते, आणि तरीही त्यात माणसाला वाट दिसते, यावरून डोळ्याचा आवाका लक्षात यावा.

पाण्याच्या स्वतःच्या उजेडाचा विचार येथे वेगळा करणे योग्य ठरेल. पावसाळा संपल्यानंतर, विशेषतः थंडीच्या महिन्यांत, कोकण किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवांची संख्या कधीकधी एवढी वाढते की लाट फुटताच तिची कड उजळते, वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाणी चमकते, आणि ओल्या पुळणीवर पाऊल पडले की भोवती क्षणभर उजेडाचे कडे उमटते. या जीवांना धक्का बसला की त्यांच्या शरीरातील रसायनांच्या अभिक्रियेतून प्रकाश निघतो; त्याची तरंगलांबी निळ्या भागात, सुमारे ४७० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास असते. दंडाकार पेशींची संवेदनशीलता सुमारे ५०० नॅनोमीटरपाशी सर्वाधिक असल्याने हा उजेड त्यांच्या अगदी पथ्यावर पडतो. गंमत अशी की छायाचित्रांत हे पाणी झगझगीत निळे दिसत असले, तरी उजेड मंद असताना प्रत्यक्ष डोळ्यांना ते पांढुरके किंवा फिकट राखाडी भासते, कारण दंडाकार पेशी रंग सांगत नाहीत. निळेपणा दिसण्यासाठी उजेड शंक्वाकार पेशींना जाग आणण्याइतका प्रखर असावा लागतो. पर्यटकांच्या निराशेचे हे एक नेहमीचे कारण आहे. मच्छीमाराला मात्र रंगाशी कर्तव्य नसते : पाण्याखाली सरकणाऱ्या थव्याने उजळलेला पट्टा कोठे आहे आणि तो कोणत्या दिशेने चालला आहे, एवढे त्याला पुरते.

युद्धाच्या इतिहासातही या काळोखाची भूमिका आहे, फक्त ती नेहमी शौर्य किंवा गाफीलपणा या सदरांखाली नोंदवली जाते. जंजिऱ्यासमोरचे दंडाराजपुरीचे ठाणे मराठ्यांच्या ताब्यात असताना १६७१ च्या शिमग्यात सिद्दींनी त्यावर रात्री हल्ला केला. फारसी साधनांच्या आधारे इतिहासकारांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार सिद्दी खैर्यतने जमिनीच्या बाजूने हूल दिली, पहारेकरी तिकडे धावले, आणि त्याच वेळी सिद्दी कासीम होड्यांतून येऊन शिड्यांच्या साहाय्याने दुसऱ्या बाजूने तटावर चढला. लढाईत दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि ठाणे पडले. सण आणि नशा यांत गुंग झालेले सैन्य हे पराभवाचे कारण म्हणून सांगितले जाते व ते खरे असेलही, परंतु त्यात शरीरशास्त्राने एक भर घालता येते. होळीच्या ज्वाळांकडे पाहत बसलेल्या माणसाच्या दंडाकार पेशी निकामी झालेल्या असतात; तो शुद्धीवर असला, आणि तटावर जाऊन समुद्राकडे पाहू लागला, तरी पुढची कित्येक मिनिटे त्याला पाण्यावरील काळी आकृती आणि पाण्याचा काळेपणा यांत फरक करता येत नाही. उलट अंधारात वल्ही मारीत आलेल्या हल्लेखोरांचे डोळे पूर्ण सरावलेले असतात आणि आगीच्या पार्श्वभूमीवर तटावरचा प्रत्येक माणूस त्यांना स्पष्ट दिसतो. सिद्दींनी हा हिशेब मुद्दाम केला असे कोणतेही साधन सांगत नाही. पण रात्रीच्या समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसांना तो शिकवावाही लागला नसता.

याच जंजिऱ्यावर मराठ्यांनी केलेल्या प्रयत्नांपैकी लाय पाटलांची हकिगत बखरीतून आणि कोळी समाजाच्या परंपरेतून चालत आली आहे. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत या सोनकोळी पाटलांनी रात्रीच्या अंधारात, सिद्दींच्या पहाऱ्याखाली, किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या, परंतु मागून यावयाची फौज पहाट होईतो पोहोचली नाही आणि शिड्या काढून परतावे लागले, असे ती सांगते. पालखीचा मान देऊ केला असता दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय कामाची, असे म्हणून त्यांनी तो नाकारला व त्यांना ‘पालखी’ नावाचे गलबत मिळाले, हा भाग सर्वांच्या लक्षात राहिलेला आहे. कमी लक्षात राहिलेला भाग असा की हे सारे काम उजेडाविना करायचे होते. हलत्या होडीत उभे राहून ओल्या दगडी भिंतीला शिडी टेकवण्यासाठी जेवढे दिसणे आवश्यक असते, तेवढे ताऱ्यांच्या प्रकाशात केवळ बाजूच्या नजरेनेच दिसू शकते. पहाटेची वेळ ही मोहिमेची मर्यादा का होती, हेही यातून उघड होते, कारण पूर्व उजळू लागली की तटावरील पहारेकऱ्याच्या शंक्वाकार पेशी कामाला लागतात आणि अंधारात कमावलेला फायदा संपतो.

किनाऱ्यावरील घरांमध्ये त्या काळी जे दिवे होते, ते या स्थितीत फारसा बदल घडवणारे नव्हते. उंडीच्या किंवा करंजाच्या बियांचे तेल पणतीत घालून मिळणारा उजेड खोलीपुरता असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले आणि कंदील होडीवरही पोहोचला. खरा फरक केला तो दीपगृहांनी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदीला सुरुवात केलेल्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उजळले, ज्याचा उद्देश अर्थातच मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांची सोय हा होता. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याने १८२० च्या दशकात सिद्ध केलेली काचेच्या कड्यांची भिंगरचना तोवर दीपगृहांत रूढ झाली होती. तिच्यामुळे एका वातीचा चहूबाजूंना विखुरणारा उजेड क्षितिजाच्या दिशेने एकवटता येऊ लागला. काशीदच्या उत्तरेला कोर्लईच्या पायथ्याशी दीपगृह आले ते बरेच नंतर, १९५५ मध्ये.

दीपगृहाचा दिवा आणि डोंगराची काळी रेघ या दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत असल्या, तरी त्या वाचणारी यंत्रणा वेगळी आहे. दीपगृहाचा प्रकाश हा तेजस्वी बिंदू असतो, त्याच्याकडे थेट पाहता येते, त्याचा रंग कळतो, आणि मुख्य म्हणजे त्याची लय मोजता येते. प्रत्येक दीपगृहाला ठरावीक अंतराने ठरावीक चमका नेमून दिलेल्या असतात, त्यामुळे छापील यादी आणि घड्याळ जवळ असलेल्या परक्या माणसालाही आपण कोठे आहोत हे सांगता येते. यात डोळ्याची एक मर्यादा आड येत होती : अतिशय अल्पकाळ टिकणारी चमक डोळ्याला प्रत्यक्षापेक्षा मंद भासते, कारण दृष्टिपटल एका सेकंदाच्या अंशभर काळात मिळालेल्या प्रकाशाची बेरीज करून मगच उत्तर देते. ब्लाँडेल आणि रे या फ्रेंच संशोधकांनी १९११ मध्ये या संबंधाचे सूत्र मांडले आणि दीपगृहांच्या चमका किती काळाच्या असाव्यात हे त्यावरून ठरू लागले. याच काळात जहाजांच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा ही पद्धत सार्वत्रिक झाली होती, आणि तिच्यामुळे पूर्वी कोणाच्याही लक्षात न येणारा एक दोष अकस्मात धोकादायक ठरला. लाल आणि हिरवा यांत गोंधळ होणारा कोळी काळोखात तांडेल म्हणून इतरांच्या तोडीस तोड असे, कारण दंडाकार पेशींच्या जगात सर्वच माणसे रंगांध असतात; आगबोटीवर मात्र तो नापास ठरू लागला. स्वीडनमध्ये १८७५ साली झालेल्या लागेरलुंडा येथील रेल्वे अपघातानंतर होल्मग्रेनने रंगीत लोकरीच्या धाग्यांची चाचणी प्रचारात आणली आणि १९१७ मध्ये जपानच्या इशिहाराने ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले, जे आजही दर्यावरील नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवारांसमोर धरले जातात.

रात्रीच्या नजरेचा दुसरा शत्रू शरीराच्या आतला होता. रातांधळेपणाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आले असून तेथे त्यावर बकऱ्याचे यकृत पिंपळीसह देण्याचा उपाय सांगितला आहे. इजिप्तमधील प्राचीन वैद्यकातही यकृतच आढळते. या उपायामागचे कारण विसाव्या शतकात कळले. दंडाकार पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते, प्रकाशकण आदळताच त्याचा एक घटक आपला आकार बदलतो आणि त्या बदलातून संदेशाची साखळी सुरू होते. हा घटक ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतो आणि ते जीवनसत्त्व शरीर यकृतात साठवते. जॉर्ज वॉल्डला १९३३ मध्ये दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व सापडले आणि पुढे १९६७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्व कमी पडले की आधी रात्रीची नजर जाते, दिवसाची बराच काळ टिकते, म्हणून शेतकऱ्यापेक्षा पहाटेपूर्वी होडी लोटणाऱ्याला त्याचा फटका लवकर कळणार हे उघड आहे. कोकणातील मच्छीमाराजवळ उपाय मात्र हाताशीच होता : मुशीच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा कॉड माशाच्या तेलापेक्षाही अनेकदा जास्त असतो. शतकानुशतके माशांचे तेल होड्यांच्या लाकडाला चोपडण्यासाठी वापरले गेले. औषध म्हणून त्याचा सरकारी पातळीवर विचार झाला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर कॉडच्या तेलाची आयात थांबली तेव्हा. मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई या ठिकाणी मुशीच्या यकृततेलाचे उत्पादन हाती घेतले गेले. पुढे कृत्रिम जीवनसत्त्व स्वस्त झाल्यावर हा उद्योग मागे पडला, आणि १९७० पासून बालकांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा तोंडावाटे देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. यकृत ही मात्रा महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते या गुणधर्मावरच तो आधारलेला आहे.

जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि त्यातील मुरूडचा भाग कुलाबा जिल्ह्यात आला, ज्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले; त्यानंतरच्या दशकांत रस्ता, वीज आणि पर्यटन या क्रमाने काशीदच्या पुळणीवर उजेड येत गेला. सुरूच्या बनाकडेच्या टपऱ्या आणि निवासस्थाने यांचे पांढरे दिवे समुद्राकडे तोंड करून असतात, त्यामुळे किनाऱ्यावर उभा असलेला माणूस समुद्राकडे पाहतो तेव्हा त्याच्या दंडाकार पेशी कामावर नसतातच. होड्यांवर जीपीएसचे पडदे आले. त्या पडद्यांना रात्रीसाठी मंद, लालसर रंगसंगती देण्याची सोय उत्पादक करून ठेवतात, कारण दंडाकार पेशी लांब तरंगलांबीच्या लाल प्रकाशाला फारच थोडा प्रतिसाद देतात आणि त्या उजेडात नकाशा पाहूनही बाहेरचा अंधार वाचता येतो.

सर्वांत मोठा वाद मात्र माशांना दिपवणाऱ्या दिव्यांचा आहे. शक्तिशाली एलईडी दिव्यांचे झोत पाण्यावर किंवा पाण्याखाली सोडून मासळीचे थवे एकत्र करायचे आणि मोठ्या जाळ्याने ते एकदम उचलायचे, या पद्धतीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी केलेल्या तक्रारींनंतर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात तिच्यावर बंदी घातली, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपल्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत आहे. त्यापलीकडे केंद्राचा अधिकार चालतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते, आणि पाण्यापासून दहा मीटर उंचीवर टांगलेला दिवा त्याला फार तर सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत दिसू शकतो, मग तो दिवा कितीही प्रखर असो. तेव्हा हद्दीपलीकडे पेटलेल्या दिव्याचा झोत काशीदहून दिसणे शक्य नसते. पश्चिमेच्या आकाशाच्या तळाशी, दमट हवेत विखुरलेली एक फिकट उजळी तेवढी दिसते, आणि तीही त्यालाच, जो टपऱ्यांच्या दिव्यांकडे पाठ करून अर्धा तास अंधारात थांबण्यास तयार आहे. त्या उजळीवरून नौका कोणती, किती दूर आणि हद्दीच्या अलीकडे की पलीकडे हे सांगता येत नाही, म्हणून तक्रार करणाऱ्या गावांची मागणी गस्तीनौकांची असते.